पुसू का? – संगणकाच्या स्मृतीतील केरकाढणी

वर्गात एखादे लांबलचक सूत्र सिद्ध करताना फळा भरून जातो. डस्टर हातात घेऊन मी विचारतो, "पुसू का?" लगेच मागच्या बाकांवरून आवाज येतो, "सर, थांबा, उतरवून घेतोय!" मग मी दुसरा कोपरा शोधतो. तेथे आदल्या तासाची एखादी आकृती असते. ती कोणाला हवी आहे की नाही, हे सांगणारे कोणी नसते. पुसावी, तर उद्या कोणीतरी विचारील. न पुसावी, तर पुढचे लिहायचे कोठे?

संगणकाच्या स्मृतीचीही नेमकी हीच अडचण आहे. फळ्यासारखीच तीही मर्यादित असते. गणित करताना मध्येच अनेक गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात आणि त्यांतील पुष्कळशा थोड्या वेळाने निरुपयोगी होतात. त्यांची जागा पुन्हा वापरली नाही, तर मोठ्यात मोठी स्मृतीही केव्हा तरी भरणारच. पण अमुक जागा आता नको आहे, हे ठरवायचे कोणी? या प्रश्नाचे एक सुरेख उत्तर 'लिस्प' नावाच्या छोट्याशा संगणकभाषेने दिले. लिस्पचा जन्म १९५८ सालचा. तिचे जनक जॉन मॅकार्थी हे अमेरिकन शास्त्रज्ञ. ते उत्तर समजून घ्यायला कागद, पेन्सिल आणि थोडा धीर एवढे साहित्य पुरते.

कप्पे आणि पत्ते

स्मृती म्हणजे ओळीने मांडलेले कप्पे. प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. त्याला आपण पत्ता म्हणू. पहिले लिस्प आयबीएम ७०४ या संगणकावर तयार झाले. या यंत्राच्या एका कप्प्यात ३६ बिट मावत. बिट म्हणजे ० किंवा १ यांपैकी एक अंक. स्मृतीत जास्तीत जास्त ३२,७६८ कप्पे असत. ही संख्या २ चा १५ वा घात आहे. म्हणून कोणताही पत्ता लिहायला १५ बिट पुरतात.

आता गंमत पाहा. एका कप्प्यात १५-१५ बिटांचे दोन पत्ते बसतात आणि तरीही ६ बिट उरतात. मॅकार्थींनी याचाच उपयोग केला. कप्प्याचा पहिला भाग सांगतो की येथे कोणती वस्तू आहे. दुसरा भाग सांगतो की यादीतील पुढचा कप्पा कोठे आहे. पुढे काहीच नसेल, तर तेथे यादी संपल्याची खूण असते; आपण ती ० ने दाखवू. अशा रीतीने एकाला दुसऱ्याचा पत्ता देत कप्प्यांची साखळी तयार होते. साखळीतील कप्पे शेजारी-शेजारी असण्याची मुळीच गरज नाही.

सगळे कप्पे एकाच मापाचे, ही गोष्ट फार सोयीची ठरली. निरनिराळ्या लांबीच्या जागा द्यायच्या असत्या, तर अर्धवट भरलेल्या एस.टी.सारखी अवस्था झाली असती. गाडीत सुट्या जागा पुष्कळ, पण चौघांच्या कुटुंबाला एकत्र बसायला सलग बाक नाही! लिस्पमध्ये कोणताही मोकळा कप्पा कोणालाही चालतो.

मोकळ्या कप्प्यांची साखळी

मोकळे कप्पे कोणते, हे कसे लक्षात ठेवायचे? त्यासाठी वेगळी वही नको. मोकळ्या कप्प्यांत काहीच नाही, मग त्यांच्याच दुसऱ्या भागात पुढच्या मोकळ्या कप्प्याचा पत्ता लिहून ठेवावा. झाली मोकळ्यांची साखळी! तिचे पहिले टोक कोठे आहे, एवढेच एका ठराविक जागी लिहून ठेवायचे. या जागेला आपण 'मोकळा' असे नाव देऊ. मॅकार्थींच्या संगणकात सुरुवातीला सुमारे १५,००० कप्पे अशा एकाच साखळीत ओवलेले असत.

नवा कप्पा हवा असला, की 'मोकळा'मध्ये लिहिलेल्या पत्त्यावरचा कप्पा घ्यायचा आणि त्याच्या पुढच्याचा पत्ता 'मोकळा'मध्ये लिहायचा. काम संपले. एकूण कप्पे आठ असोत की पंधरा हजार, श्रम तेवढेच.

आठ कप्प्यांचा संगणक

आता आपण कागदावर आठ कप्प्यांचा संगणक तयार करू या. सुरुवातीला 'मोकळा' = १. कप्पा १ मध्ये पुढचा पत्ता २, कप्पा २ मध्ये ३, असे करत कप्पा ८ मध्ये ०. याखेरीज भिंतीवर तीन खुंट्या आहेत: अ, आ आणि इ. चालू असलेल्या आज्ञावलीला ज्या याद्या हाताशी हव्या आहेत, त्यांच्या पहिल्या कप्प्याचा पत्ता या खुंट्यांना टांगलेला असतो.

प्रथम 'क, ख, ग' अशी यादी करू. ती शेवटाकडून बांधणे सोयीचे असते. कप्पा १ घेऊन त्यात (ग, ०) लिहा. कप्पा २ मध्ये (ख, १). कप्पा ३ मध्ये (क, २). खुंटी अ वर ३ हा पत्ता टांगा. 'मोकळा' आता ४ झाला.

दुसरी यादी हवी आहे 'घ, ख, ग'. तिचे शेवटचे दोन घटक तर आपल्याकडे आहेतच. ते पुन्हा कशाला लिहायचे? कप्पा ४ मध्ये (घ, २) लिहिले की झाले. खुंटी आ वर ४ टांगा. कप्पा २ आणि १ आता दोन्ही याद्यांच्या सामाईक मालकीचे झाले. भावाभावांच्या सामाईक विहिरीसारखेच हे!

समजा, अ ची यादी आता नको आहे. म्हणून खुंटीवर ० टांगला. तिचे कप्पे परत करायचे, तर कोणते? तिन्ही परत केले, तर आ च्या यादीतील ख आणि ग नाहीसे होतील. परत करण्याजोगा आहे तो फक्त कप्पा ३. पण हे कळायला आ कडे पाहावे लागते. नुसते अ कडे पाहून ते कधीच कळणार नाही.

परत कोणी करायचे?

लिस्पच्या आधी न्यूएल, शॉ आणि सायमन यांनी तयार केलेल्या 'आयपीएल' या भाषेत ही जबाबदारी आज्ञावली लिहिणाऱ्यावर असे. काम झालेला कप्पा त्याने आठवणीने परत करायचा. विसरला, तर जागा हळूहळू आटत जाते. चुकून लवकर परत केला, तर त्याहून वाईट. तोच कप्पा दुसऱ्या कोणाला दिला जातो आणि पहिल्या यादीत भलतेच काहीतरी दिसू लागते. ही चूक घडते एका ठिकाणी आणि उघडकीस येते दुसऱ्याच ठिकाणी. म्हणून ती शोधता शोधता नाकी नऊ येतात.

१९५८ च्या उन्हाळ्यात मॅकार्थी आयबीएममध्ये होते. बीजगणितातील राशींचे अवकलन संगणकाकडून करून घेण्याचा प्रश्न त्यांनी हाती घेतला होता. अकरावी-बारावीत एक नियम शिकवतात: दोन राशींच्या गुणाकाराचे अवकलन म्हणजे पहिली राशी गुणिले दुसरीचे अवकलन, अधिक दुसरी राशी गुणिले पहिलीचे अवकलन. नीट पाहिले तर प्रश्नातील दोन्ही राशी उत्तरात जशाच्या तशा पुन्हा येतात. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांचे कप्पे सामाईक! मध्येच टाकून दिलेल्या राशीही खूप. अवकलनाचा नियम एवढा नेटका. त्यात पावलोपावली 'आता हा कप्पा परत कर' अशा सूचना घुसडणे मॅकार्थींना रुचेना. गणित करणाऱ्याने गणिताचा विचार करावा, फळा पुसण्याचा नव्हे, ही त्यामागची दृष्टी.

एक उपाय होता मोजणीचा. आपल्याकडे किती जण बोट दाखवत आहेत, हा आकडा प्रत्येक कप्प्याने बाळगायचा. आकडा शून्यावर आला की कप्पा मोकळा. जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६० मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. पण मॅकार्थींपुढे यंत्राचीच अडचण उभी राहिली. कप्प्यात बिट उरले होते सहा, आणि तेही एका जागी नव्हते. तीन-तीनच्या दोन तुकड्यांत विभागलेले होते. सहा बिट सलग असते, तरी ६३ च्या पुढे मोजता आले नसते. म्हणून हा विचार मागे पडला.

मोजणीत आणखी एक मेख आहे, ती आपल्या आठ कप्प्यांत पाहू. कप्पा ५ मध्ये (च, ०) लिहा, कप्पा ६ मध्ये (छ, ५) लिहा आणि इ वर ६ टांगा. आता कप्पा ५ चा दुसरा भाग बदलून तेथे ६ लिहा. पाच सहाकडे बोट दाखवतो आणि सहा पाचकडे. वर्तुळ पूर्ण झाले. यानंतर इ वर ० टांगा. या दोघांपर्यंत पोहोचण्याची वाट आता उरली नाही, पण प्रत्येकाचा आकडा १ च आहे! दोघे एकमेकांची साक्ष देत जन्मभर जागा अडवून बसतील.

खूण करा, मग झाडा

शेवटचे दोन कप्पेही वापरून टाकू. कप्पा ७ मध्ये (ज, ०), कप्पा ८ मध्ये (झ, ७), आणि इ वर ८. 'मोकळा' आता ० झाला. स्मृतीची अवस्था अशी आहे:

कप्पा १: ग, ०
कप्पा २: ख, १
कप्पा ३: क, २
कप्पा ४: घ, २
कप्पा ५: च, ६
कप्पा ६: छ, ५
कप्पा ७: ज, ०
कप्पा ८: झ, ७
खुंट्या: अ = ०, आ = ४, इ = ८

अशा वेळी आणखी एक कप्पा हवा झाला. मॅकार्थींची युक्ती येथून सुरू होते. तोपर्यंत कोणी काही परत करायचे नाही. खुशाल टाकून द्यायचे. मोकळी साखळी संपली, की हातातील काम थांबवायचे आणि केर काढायचा.

पहिला टप्पा खुणेचा. प्रत्येक खुंटीपासून निघायचे, पत्त्यांच्या मागोमाग जायचे आणि वाटेत लागणाऱ्या कप्प्यावर खूण करायची. कप्पा आधीच खूण केलेला आढळला, तर तेथून मागे फिरायचे. अ वर काही नाही. आ पासून निघालो तर ४, मग २, मग १. इ पासून ८, मग ७. खूण झालेले कप्पे: १, २, ४, ७, ८. ही खूण ठेवायला जागा किती लागते? फक्त एक बिट. मोजणीला सहा बिट अपुरे होते. येथे एकाने काम भागते. मॅकार्थींनी १९६० च्या लेखात त्यासाठी कप्प्यातील अधिक-उणे चिन्हाचा बिट वापरल्याचे सांगितले आहे.

दुसरा टप्पा झाडण्याचा. आता कप्पा १ पासून ८ पर्यंत सरळ चालत जायचे. खूण असेल तर ती पुसायची आणि कप्पा तसाच ठेवायचा. खूण नसेल तर तो मोकळ्या साखळीत ओवायचा. ३, ५ आणि ६ यांवर खूण नाही. म्हणून कप्पा ३ मध्ये पुढचा पत्ता ०, कप्पा ५ मध्ये ३, कप्पा ६ मध्ये ५ आणि 'मोकळा' = ६. तीन कप्पे मिळाले. अ च्या यादीतील नेमका टाकाऊ तेवढाच कप्पा सुटला, सामाईक ख आणि ग सुरक्षित राहिले, आणि एकमेकांची साक्ष देणारी जोडीही पकडली गेली. कारण येथे साक्ष खुंटीची लागते, शेजाऱ्याची चालत नाही.

येथे एक शंका येईल. कप्प्याचा पहिला भागही दुसऱ्या यादीचा पत्ता असू शकतो. म्हणजे वाटेला फाटे फुटणार. एका फाट्याने जाताना दुसरा राहिला आहे, हे कोठे लिहून ठेवायचे? स्मृती तर संपली म्हणूनच आपण केर काढत आहोत! लिस्पने यासाठी थोडी जागा आधीच बाजूला राखून ठेवली होती. पुढे १९६७ मध्ये शोर आणि वेट यांनी अधिक चतुर उपाय प्रसिद्ध केला. पुढे जाताना प्रत्येक पत्ता उलटा करून आलेल्या वाटेकडे वळवायचा, आणि परतताना तो पुन्हा सरळ करत यायचे. वाट लक्षात ठेवण्याचे काम वाटेनेच केले!

भर सभेत केर

लिस्पची ही केर काढणारी आज्ञावली डॅनियल एडवर्ड्स यांनी लिहिली. 'केरकाढणी' हे नाव या मंडळींच्या बोलण्यात होते, पण १९६० च्या लेखात ते आढळत नाही. तो शब्द छापण्याचे आपल्याला धाडस झाले नसावे, असे मॅकार्थींनी पुढे गमतीने लिहिले आहे.

सुरुवातीच्या काळातील एक फजिती त्यांनी स्वतःच १९७८ मध्ये सांगितली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत उद्योगक्षेत्रातील पाहुण्यांसमोर लिस्पचे प्रात्यक्षिक होते. पाहुण्यांवर छाप पडणे महत्त्वाचे होते. ते चौथ्या मजल्यावर बसून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहत होते. मॅकार्थी खाली संगणकाच्या खोलीतून बोलत होते. सगळे सुरळीत चालले असताना टंकयंत्र एकाएकी खडखडू लागले. केर काढणाऱ्याला बोलावण्यात आले आहे, त्याची काही मनोरंजक आकडेवारी पुढीलप्रमाणे, अशा थाटाचा मजकूर उमटू लागला. केरकाढणी नवी होती आणि तिचे सर्वांना कौतुक होते. म्हणून प्रत्येक वेळी पानभर अहवाल छापण्याची सोय करून ठेवलेली होती. एरवी तो वेगवान छपाईयंत्रावर निघे. येथे टंकयंत्राची गती होती सेकंदाला दहा अक्षरे. पानावर सुमारे २,००० अक्षरे धरली, तरी २०० सेकंद. केर म्हणजे काय, हे पाहुण्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सभागृहात हशा पिकला आणि उरलेला वेळ त्यातच गेला.

असे का झाले? आदल्या तालमीत केर काढण्याची वेळ आली नव्हती. पण तालमीनंतर स्मृती पहिल्यासारखी कोरी करून घेतली गेली नाही. तालमीतील केर तसाच पडून राहिला आणि कप्पे भर कार्यक्रमात संपले.

सोयीची किंमत

ही फजिती विनोदी असली, तरी तिच्यात एक गंभीर मुद्दा आहे. केर काढताना मूळ काम थांबते. ७०४ वर त्याला काही सेकंद लागत. समजा, १५,००० कप्पे आहेत आणि एका केरकाढणीला ५ सेकंद लागतात. उपयोगात असलेले कप्पे ५,००० असतील, तर १०,००० कप्पे परत मिळतात, म्हणजे दर कप्प्याला अर्धा मिलिसेकंद. पण उपयोगातील कप्पे १४,९०० असतील, तर ५ सेकंदांच्या मोबदल्यात मिळतात अवघे १००. दर कप्प्याला ५० मिलिसेकंद, म्हणजे शंभर पट महाग! शिवाय ते शंभर लगेच संपतात आणि पुन्हा झाडू हातात घ्यावा लागतो. म्हणून दर खेपेस निदान काही हजार कप्पे मिळायलाच हवेत, असा इशारा मॅकार्थींनी मूळ लेखातच देऊन ठेवला होता.

काम थांबू नये यासाठी पुढे पुष्कळ संशोधन झाले. केर थोडाथोडा काढत राहण्याच्या रीती निघाल्या. बहुतेक वस्तू अल्पायुषी असतात, हे पाहून नव्या वस्तूंची झाडलोट वारंवार आणि जुन्यांची क्वचित करण्याची पद्धत १९८० च्या दशकात पुढे आली. आज जावा आणि जावास्क्रिप्ट या भाषा केर आपोआप काढतात. पायथनच्या सर्वाधिक प्रचलित रूपात मोजणीची रीत आहे आणि वर्तुळे पकडण्यासाठी जोडीला वेगळा शोधही आहे. सी भाषेत मात्र जागा परत करण्याची जबाबदारी अजूनही आज्ञावली लिहिणाऱ्याचीच.

मित्रांनो, शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. अमुक वस्तू पुढे लागेल की नाही, हे संगणकाला कळले का? नाही. ते भविष्य आहे, आणि ते सर्वसाधारणपणे आधी सांगता येत नाही. मॅकार्थींनी प्रश्नच बदलला. 'ही वस्तू लागेल का?' असे न विचारता त्यांनी विचारले, 'या वस्तूपर्यंत आज पोहोचता येते का?' जेथे कोणीच पोहोचू शकत नाही, ती वस्तू कोणालाही लागणार नाही, हे निश्चित. खुंटीला टांगलेली एखादी यादी पुन्हा कधीच वाचली जाणार नसेल, तरी ती राहू दिली जाते. थोडी जागा वाया जाते, पण हवी असलेली वस्तू चुकूनही पुसली जात नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, त्याच्या जागी उत्तर मिळेल असा आणि चुकला तरी घात न करणारा प्रश्न शोधणे, ही विज्ञानातील मोठी कला आहे.

फळ्यापुढे डस्टर घेऊन उभे राहिल्यावर मीही आता आधी वर्गाकडे वळून पाहतो. फळ्याच्या कोणत्या भागाकडे नजरा लागल्या आहेत, तेवढे सोडतो आणि बाकीचे पुसतो.

करून पाहा

आठ विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक पाटी द्यावी आणि त्यांना आठ कप्पे करावे. तिघांनी खुंट्या व्हावे, एकाने 'मोकळा' सांभाळावा आणि एकाने खडूने खुणा करत फिरावे. मग पुढील प्रश्न सोडवावेत.

१. वर दिलेल्या अवस्थेत केर काढण्यापूर्वी आ वरही ० टांगला असता, तर किती कप्पे मिळाले असते?

२. अ वरचा ३ हा पत्ता काढलाच नसता, तर किती मिळाले असते?

३. आठही कप्प्यांवर खूण झाली, तर संगणकाने काय करावे?

उत्तरे: (१) सहा, १ ते ६. (२) दोन, ५ आणि ६. (३) स्मृती खरोखरच संपली आहे, असे सांगून थांबावे. केर काढल्याने जागा मोकळी होते, नवी निर्माण होत नाही!